उपग्रहाला गाडी दिसत नाही, फरक दिसतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी, हवेतले वायू मोजणाऱ्या सेंटिनेल-५पी उपग्रहाच्या माहितीवरून शहराचा नायट्रोजन डायऑक्साइडचा, म्हणजे गाड्यांच्या धुरातून येणाऱ्या वायूचा, नकाशा केला आहे. शहरात हवा मोजणारी केंद्रं तीनच. नकाशावर शहर लालभडक दिसतं, पण ज्या वर्तुळाकार रस्त्यावर गाड्यांची रांग कधी हटत नाही, तो रस्ता मात्र कुठेच उठून दिसत नाही. मग विचारलंय की रस्ते का दिसत नाहीत, हे आकडे मायक्रोग्रॅममध्ये कसे आणायचे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेशी त्यांची तुलना कशी करायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: करू नका. का, ते पुढे येईलच.

आधी रस्त्याचं बघू. सेंटिनेल-५पीवरचं ट्रोपोमी हे उपकरण १३ ऑक्टोबर २०१७ रोजी अवकाशात गेलं. बरोबर खाली बघताना त्याचा एक पिक्सेल ३.५ बाय ५.५ किलोमीटरचा असतो. ऑगस्ट २०१९ पर्यंत तो ३.५ बाय ७ होता, आणि उपग्रह एका फेरीत बघतो त्या पट्ट्याच्या कडेला तो आणखी पसरतो. म्हणजे चांगल्यात चांगला पिक्सेलही सुमारे १९ चौरस किलोमीटरचा. आता तुमचा रस्ता ३० मीटर रुंद धरा आणि तो पिक्सेलमधून साडेपाच किलोमीटर आरपार गेला असं समजा. त्याचं क्षेत्रफळ होतं ०.१६५ चौरस किलोमीटर, पिक्सेलच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यात वारा आला. सेकंदाला तीन मीटर हा काही सोसाट्याचा वारा नव्हे, पण अर्ध्या तासात तो हवा ५.४ किलोमीटर लांब नेतो, म्हणजे शेजारच्या पिक्सेलमध्ये. शिवाय धुराड्यातून बाहेर पडतो तो बहुतांशी नायट्रिक ऑक्साइड. ओझोनशी गाठ पडून त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड व्हायला काही मिनिटं जातात. उपग्रहाला दिसणारा वायू तयार होईपर्यंत त्यातला बराचसा रस्ता सोडून गेलेला असतो.

तुम्ही लिहिलंय की नकाशा एक किलोमीटरचा आहे. तसा तो नाही. गुगल अर्थ इंजिन या उपग्रह-माहितीच्या संकेतस्थळावर मिळणारा संच ०.०१ अंशाच्या जाळीवर बसवलेला असतो, म्हणून तिथे पिक्सेलचा आकार १,११३ मीटर लिहिलेला दिसतो. कापड तेवढंच आहे, त्यावर चौकडी बारीक छापली आहे. दर वर्षी निदान एक तरी प्रबंध माझ्याकडे येतो ज्यात ही चौकडी खरी मानून वॉर्डनिहाय क्रमवारी लावलेली असते. शेजारशेजारच्या दोन वॉर्डांत त्या दिवशी एकाच मूळ पिक्सेलचा आकडा असतो, आणि खाली दोन परिच्छेद खर्चून त्यांच्यातला फरक समजावलेला असतो.

बारकावा काढायचा एक सरळ मार्ग आहे. उपग्रहाचा मार्ग रोज थोडा सरकतो, त्यामुळे पिक्सेल रोज वेगळ्या जागी पडतात. वर्षभराचे पिक्सेल एकावर एक ठेवून, प्रत्येकाला तो त्या जागेचा किती भाग व्यापतो त्याप्रमाणे वजन देऊन सरासरी काढली, की पिक्सेलपेक्षा बारीक रचना हळूहळू वर येते. याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. किंमत अशी की वेळेचा बारकावा हातचा जातो. वर्षाची एकच प्रतिमा मिळते, आणि तीतही रस्ता रेघेसारखा दिसत नाही, त्या बाजूचा फुगवटा दिसतो. समुद्रात एकेकट्या जहाजाचा माग ट्रोपोमीला सापडलेला आहे, हे तुम्ही वाचलं असेल. तिथे आजूबाजूची पाटी कोरी असते. शहरात पाटी भरलेली असते. रस्ता, कारखाना, जनरेटर, वीजकेंद्र सगळे एकाच जागी एकाच अक्षरात लिहितात.

आता मायक्रोग्रॅमकडे. ट्रोपोमी जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश बघतं. ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात हा वायू प्रकाश शोषतो, आणि किती शोषला त्यावरून तिरक्या वाटेत किती रेणू होते ते कळतं. त्यातून वरच्या थरातला, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअरमधला, वाटा वजा करतात आणि उरलेल्याला एअर मास फॅक्टरने, म्हणजे तिरक्या वाटेचं उभ्या स्तंभात रूपांतर करणाऱ्या गुणकाने, भागून उभ्या स्तंभातलं प्रमाण काढतात. हातात येणारा आकडा हा जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंतचा साठा आहे, नाकाशी येणारी हवा नव्हे.

एक हिशेब करून बघा. स्तंभात १०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर आहेत असं धरू, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ गुणिले १०चा १५वा घात इतके रेणू. या वायूचा रेणुभार ४६, म्हणजे ते झाले ४,६०० मायक्रोग्रॅम प्रति चौरस मीटर. हा सगळा वायू १ किलोमीटर जाडीच्या थरात सारखा मिसळला असेल तर जमिनीलगत ४.६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. थर ५०० मीटरचा असेल तर ९.२. २०० मीटरचा असेल तर २३. उपग्रहाचा आकडा तिन्ही वेळा तोच! जमिनीलगतची हवा ज्या थरात घुसळते तो थर दुपारी उंच असतो, पहाटे आणि हिवाळ्यात बुटका. शिवाय मिसळण सारखी कधीच नसते. म्हणून थराची उंची हाताशी नसताना केलेलं रूपांतर म्हणजे अंदाजाला एकक चिकटवणं.

आता आरोग्य संघटनेच्या मर्यादेचं. २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांत नायट्रोजन डायऑक्साइडसाठी वर्षाची सरासरी १० आणि २४ तासांची २५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. हे आकडे माणूस जिथे श्वास घेतो तिथले आणि दिवसरात्रीचे. ट्रोपोमी येतं दिवसातून एकदा, स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास, आणि उपयोगी पडतं ते ढग नसलेल्याच दिवशी. वर्षातल्या निरभ्र दुपारी म्हणजे वर्ष नव्हे. शिवाय, दुपार ही या वायूची सगळ्यात सौम्य वेळ: ऊन त्याला फोडत असतं आणि हवा वरपर्यंत घुसळलेली असते.

एअर मास फॅक्टरबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शहरवाल्यांना ती फार महाग पडते. तो काढताना वायू कोणत्या उंचीवर किती आहे याचा आधी अंदाज धरावा लागतो, आणि ट्रोपोमीच्या प्रमाणित संचात तो एका अंशाच्या, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरच्या, जाळीवरच्या जागतिक प्रतिरूपातून (संगणकावरच्या मॉडेलमधून) येतो. त्या चौकोनात शहर आणि भोवतालची शेतं एकाच मापाने मोजली जातात. शहरात खरं तर वायू जमिनीला चिकटून असतो आणि उपग्रहाला खालचं कमी दिसतं, पण प्रतिरूप ते पुरतं जाणत नाही. परिणाम असा की प्रदूषित शहरांवरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. प्रत्येक पिक्सेलबरोबर अ‍ॅव्हरेजिंग कर्नल दिलेलं असतं, म्हणजे कोणत्या उंचीवरचं उपग्रहाला किती दिसतं त्याचं कोष्टक. तुमच्याकडे बारीक जाळीचं प्रतिरूप असेल तर ते वापरून फॅक्टर नव्याने काढता येतो. नसेल तर निदान प्रबंधात कबुली द्या.

म्हणूनच मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. उपग्रहाला ‘किती’ विचारू नका, ‘किती फरक’ ते विचारा. आणि फरक असा निवडा की दोन्ही बाजूंना बाकी सगळं जवळपास सारखं राहील, हलेल ती फक्त वाहतूक. तुमचा नकाशा चुकलेला नाही. वाहतुकीचा प्रश्न नकाशा विचारतच नाही, एवढंच.

अशा फरकाचं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे आठवड्याची लय. २००३ साली संशोधक स्टेफेन बाइर्ले आणि सहकाऱ्यांनी गोम या जुन्या उपग्रहावरच्या उपकरणाच्या माहितीवरून ती दाखवली. गोमचा पिक्सेल ३२० बाय ४० किलोमीटरचा होता. ट्रोपोमीच्या तुलनेत ते म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून बघण्यासारखं. तरीही अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या औद्योगिक भागांत आणि शहरांत रविवारचा स्तंभ कामाच्या दिवसांपेक्षा २५ ते ५० टक्के कमी निघाला. जेरुसलेममध्ये घसरणीचा वार वेगळा होता, आणि चीनमध्ये त्या काळी आठवड्याची लय दिसलीच नाही. मला यातली गंमत अशी वाटते की हवामानाला वार कळत नाही. वारा, ऊन, आर्द्रता यांना रविवार काय आणि बुधवार काय. त्यामुळे सात दिवसांची लय दिसली की ती माणसाचीच.

तुम्ही हेच करा, पण घाई नको. वर्षाला बावन्न रविवार. ढगांनी निम्मे नेले तर उरले सव्वीस. एवढ्यावर टक्केवारी छापू नका. तीन-चार वर्षं घ्या, हिवाळा आणि उन्हाळा वेगळे ठेवा, आणि बूटस्ट्रॅपने, म्हणजे त्याच दिवसांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढून सरासरी किती हलते ते बघून, अनिश्चिततेचा पट्टा काढा. आणि जो फरक येईल तो सगळा वाहतुकीच्या खात्यावर टाकू नका, सुट्टीला काही कारखाने आणि कचेऱ्याही बंद असतात. शिवाय उत्सर्जन कमी झालं की हवेतल्या रसायनांचं गणित बदलतं आणि या वायूचं आयुष्यही बदलतं. स्तंभ ३० टक्के उतरला म्हणजे धूर बरोबर ३० टक्के उतरला असं होत नाही.

दुसरा फरक वाऱ्याचा. रोज शहराचा केंद्रबिंदू धरून पिक्सेल असे फिरवायचे की वारा नेहमी एकाच दिशेने वाहतोय असं होईल, मग सरासरी काढायची. वारा जातो त्या बाजूला शहरामागे वायूची एक शेपूट तयार होते आणि ती हळूहळू विरत जाते. ती कुठवर जाते त्यावरून वायूचं आयुष्य कळतं, आणि आयुष्य व साठा मिळून उत्सर्जन. याच कल्पनेचा आधीचा अवतार बाइर्ले यांनीच २०११ मध्ये रियाधवर वापरला. तिथे वारा दिशांप्रमाणे वेगळा काढला होता आणि आयुष्य सुमारे चार तास निघालं. चार तास आणि सेकंदाला पाच मीटर वारा, म्हणजे शेपूट एकतृतीयांशाच्या आसपास उरेपर्यंत ७२ किलोमीटर होतात. रियाध सोयीचं, कारण वाळवंटात एकटं आहे. तुमच्या शहरापासून वीस-तीस किलोमीटरवर वीजकेंद्र असेल तर दोन शेपट्या एकमेकींत गुंततील. अशा वेळी वीजकेंद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याचे दिवस सरळ काढून टाका. माहिती कमी होईल, पण तक्रार राहणार नाही.

२०२०च्या टाळेबंदीचा मोह तुम्हालाही झालेला दिसतो. जरूर वापरा, असा प्रयोग मागून मिळत नसतो. फक्त जानेवारीची एप्रिलशी तुलना करू नका. उत्तर गोलार्धात हा वायू हिवाळ्यात जास्त टिकतो, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल घट कुठल्याही वर्षी दिसेल, टाळेबंदी असो वा नसो. एप्रिलची तुलना २०१९च्या एप्रिलशी करा, आणि तीही वाऱ्याचा वेग सारखा असलेल्या दिवसांची.

आणि इथेच मी स्वतः आपटलो होतो, ते सांगून टाकतो. टाळेबंदीनंतर वाहतूक कशी परतली यावर लिहीत होतो. माझ्या मालिकेत २०२०च्या अखेरीला आकडा एकदम वर चढला. सुंदर उडी होती. कार्यालयं उघडली, सार्वजनिक वाहनं सोडून लोक स्वतःच्या गाड्यांकडे वळले, असा झकास परिच्छेद लिहून झाला. मग एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, शहराबाहेरच्या औद्योगिक पट्ट्यातही तशीच उडी आहे, तीही त्याच आठवड्यात? होती. त्याच सुमारास माहिती प्रक्रियेची आवृत्ती १.३ वरून १.४ वर गेली होती. ढगांची उंची काढायची पद्धत सुधारली होती आणि त्यामुळे प्रदूषित भागांतले स्तंभ वाढले होते. गाड्यांनी काहीच केलं नव्हतं. परिच्छेद गेला, आणि त्याच्याबरोबर दोन महिन्यांचं काम. पुढे पूर्ण मालिका आवृत्ती २.४ ने नव्याने काढली गेली. कालानुक्रमे काही दाखवायचं असेल तर तीच घ्या, आणि प्रत्येक फाइलमधला आवृत्तीचा क्रमांक स्वतः वाचा.

जाता जाता दोन गाळण्या. प्रत्येक पिक्सेलबरोबर येणारा गुणवत्तेचा निर्देशांक ०.७५ पेक्षा जास्त असलेलेच पिक्सेल ठेवा. पण ऋण आकडे दिसले म्हणून ते पुसू नका. ती मोजमापातली थरथर आहे. खालची बाजू कापली की सरासरी खोटीच वर जाते.

आता ‘वाहतूक’ या शब्दाबद्दल. तुमच्या नकाशातला वायू सगळ्या गाड्यांचा सारखा नाही. पेट्रोल गाडीत त्रिमार्गी कॅटलिस्ट, म्हणजे धूर साफ करणारा भाग, नीट चालत असेल तर नायट्रोजनची ऑक्साइडं थोडी निघतात. डिझेलचे ट्रक आणि बस कितीतरी जास्त सोडतात. म्हणजे उपग्रहावर बघताय ती मोठ्या अंशी डिझेलची सावली आहे. अनेक शहरांत अवजड वाहनांना दिवसा प्रवेश नसतो. ती रात्री येतात, पहाटेपर्यंत निघून जातात, आणि दुपारी दीडला त्यांचा धूर विरलेला असतो. शहरातला सगळ्यात घाण धूर उपग्रहाच्या भेटीच्या वेळी गैरहजर! मला विचाराल तर अशा शहरात ट्रोपोमीवरून ट्रकबंदीचं यश मोजणं हा विनोद आहे.

या एका वेळेच्या अडचणीवर उतारा म्हणजे एकाच जागेवर रोखून बघणारे भूस्थिर उपग्रह. आशियावर कोरियाचं जेम्स हे उपकरण फेब्रुवारी २०२० पासून आहे, उत्तर अमेरिकेवर एप्रिल २०२३ मध्ये टेम्पो गेलं, आणि युरोपसाठीचं सेंटिनेल-४ जुलै २०२५ मध्ये. दिवसा दर तासाला मोजमाप. पण अपेक्षा बेतानेच ठेवा. जमिनीवरच्या केंद्रात सकाळ-संध्याकाळ दोन शिखरं दिसतात, आणि त्यातलं सकाळचं शिखर बऱ्याच अंशी थर बुटका असल्यामुळे येतं. स्तंभाला थराच्या जाडीशी देणंघेणं नाही. तो सकाळपासून साठत जातो आणि ऊन चढलं की उतरतो. दोन शिखरं दिसली नाहीत म्हणून उपग्रह नापास करू नका.

सूक्ष्म धूलिकणांचं थोडक्यात उरकतो. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणातून मिळणारी, एक किलोमीटरची एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे हवेतले कण प्रकाश किती अडवतात त्याचं माप, आकर्षक आहे, पण तिच्यात धूळ, धूर, क्षार आणि आर्द्रतेने फुगलेले कण सगळे एकत्र असतात. त्यातून गाड्यांचा वाटा वेगळा काढायला उपग्रह काहीच मदत करत नाही. तुमच्या प्रकल्पात ती घेऊ नका.

त्यापेक्षा मजेशीर वाट दुसरीच आहे. धूर आणि गाड्या वेगवेगळ्या उपग्रहांवर मोजा. जमिनीची छायाचित्रं घेणाऱ्या सेंटिनेल-२चा पिक्सेल १० मीटरचा आहे, आणि त्याचे निळा, हिरवा, लाल हे पट्टे एकाच क्षणी टिपले जात नाहीत. निळ्या आणि लाल पट्ट्यात सुमारे एका सेकंदाचं अंतर पडतं. ताशी ८५ किलोमीटरने जाणारा ट्रक तेवढ्यात २३-२४ मीटर पुढे सरकतो, म्हणजे दोनेक पिक्सेल. चित्रात तो पांढरा ठिपका न राहता निळा, हिरवा, लाल असा ओळीने फुटतो, रस्त्यावर इवलंसं इंद्रधनुष्य पडावं तसा. पहिल्यांदा बघाल तेव्हा प्रतिमा खराब आहे असंच वाटेल. हे ठिपके मोजून महामार्गावरची ट्रकची वर्दळ काढता येते. लहान गाड्या नाही, आणि कोंडीत उभे असलेले ट्रकही नाही, कारण फुटायला वेग लागतो. पण शहराच्या वेशीवरच्या मोकळ्या रस्त्यासाठी हे फार कामाचं आहे.

यंत्रशिक्षणाचं प्रतिरूप लावायचा तुमचा विचार आहे: स्तंभ, रस्त्यांची घनता, थराची उंची, वारा हे सगळं घालून जमिनीलगतचं प्रमाण काढायचं. रस्ता बरोबर आहे, खड्डा एक. तपासणीसाठी दिवसांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलीत तर प्रतिरूप तीन केंद्रं पाठ करेल आणि गुण भरभरून मिळतील. एक केंद्र पूर्ण बाजूला ठेवा, दोघांवर शिकवा, तिसऱ्यावर तपासा. आकडा कोसळेल. तो कोसळलेला आकडाच छापा. केंद्रांवरही आंधळा विश्वास नको: तिथल्या रासायनिक प्रकाशमापनाच्या यंत्रात (रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या प्रकाशावरून वायू मोजणाऱ्या) मॉलिब्डेनमचा परिवर्तक असेल तर तो नायट्रिक आम्लासारखी इतर संयुगंही नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजतो, आणि ही चूक नेमकी दुपारी, उपग्रहाच्या वेळी, वाढते.

आणि तुमच्या वर्तुळाकार रस्त्याचं काय? तो उपग्रहाने होणार नाही. रस्त्यालगतचा हा वायू काही शे मीटरांत भोवतालच्या पातळीला येतो, आणि तेवढं अंतर पिक्सेलच्या पोटात मावतं. त्यासाठी डिफ्यूजन ट्यूब, म्हणजे हवेतला वायू आपोआप शोषून घेणाऱ्या छोट्या नळ्या, घ्या. स्वस्त असतात, वीज लागत नाही, दोन ते चार आठवडे खांबाला बांधून ठेवायच्या. रस्त्याला काटकोनात एक ओळ लावा: कडेला, ५० मीटरवर, १५० वर, ३०० वर आणि ५०० वर, दोन्ही बाजूंना. प्रत्येक जागी दोन-दोन, कारण एखादी हरवते, एखादीत कोळी घर करतो. मग उपग्रह शहराची पार्श्वभूमी आणि आठवड्याची लय सांगेल, ट्यूबा रस्त्याचा उतार सांगतील, आणि दोन्हीचं काम एकमेकांवर ढकलावं लागणार नाही.

नकाशा मात्र फेकू नका. त्याच्या सूचीत ‘वाहतुकीचे प्रदूषण’ लिहिलंय ते खोडून ‘निरभ्र दुपारींचा नायट्रोजन डायऑक्साइडचा स्तंभ, मायक्रोमोल प्रति चौरस मीटर’ असं लिहा, खाली आवृत्ती आणि कालावधी टाका, आणि तो पहिल्या प्रकरणात लावा.